आगाऊ ठिणगी

बॉनेट उघडलं तेव्हा माझी नजर आधी गेली ती एका लाकडी खुंटीवर. गॉल्फचा चेंडू ठेवायला जमिनीत रोवतात तसली, बोटभर लांबीची, पांढरा रंग उडालेली खुंटी. कार्बोरेटरकडून निघालेल्या एका बारीक रबरी नळीच्या तोंडात ती घट्ट ठोकलेली होती. ती नळी जिला जोडलेली असायला हवी होती ती पत्र्याची चपटी डबी शेजारीच होती. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यात धूळ बसली होती.

"ही नळी कधीपासून अशी आहे?" मी विचारलं.

"गाडी घेतली तेव्हापासून. एकोणीस वर्षं झाली," शेजारी म्हणाले. "ज्यानं विकली त्यानं सांगितलं होतं, हे प्रदूषणवाल्यांचं लचांड आहे, बंद करून टाकलंय. रेसच्या गाडीला लागत नाही म्हणाला."

"सिग्नलला गरम होते का?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. रेडिएटर मोठा बसवून झाला होता, पंखा बदलून झाला होता, थर्मोस्टॅट दोनदा बदलला होता. तरी गाडी गर्दीत थांबली की काटा वर चढायचा.

गाडी १९६८ ची पॉन्टिॲक जीटीओ. आठ सिलेंडरचं, ४०० घनइंचांचं, म्हणजे साडेसहा लिटरचं इंजिन. गाव रॉयल ओक, डेट्रॉइटच्या उत्तरेला. माझं शिक्षण पुण्यातलं आणि गेली बावीस वर्षं मी याच भागात इंजिनांचं कॅलिब्रेशन करतो. कुठल्या वेगाला, किती ओझ्याला, ठिणगी किती आधी पाडायची, याचे तक्ते भरणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. हे तक्ते आता संगणकात असतात. बॉनेट उघडून ते दिसत नाहीत आणि त्यांना हात लावता येत नाही. या गाडीत मात्र तोच हिशेब दोन लोखंडी वजनं, दोन स्प्रिंगा आणि एका रबरी पडद्यावर सोपवलेला होता. त्यातला पडदा कुणीतरी खुंटी ठोकून गप्प केला होता.

तो पडदा पुन्हा बोलता करायला आम्हाला एक उन्हाळा लागला. त्या उन्हाळ्याची ही हकिगत.

वुडवर्डचा रस्ता

डेट्रॉइट शहरातून निघून वायव्येकडे थेट पॉन्टिॲक गावापर्यंत जाणारा वुडवर्ड ॲव्हेन्यू हा या मुलखाचा कणा. १९०९ साली याच रस्त्याच्या एका मैलाला काँक्रीट घातलं गेलं आणि मोटारींचं शहर आपल्या मोटारींना साजेसा रस्ता बांधायला शिकलं. साठच्या दशकात, रात्री उशिरा, याच रस्त्यावर सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लागायच्या. शर्यत लावणाऱ्यांत कारखान्यांतले तरुण इंजिनिअरही असत.

१९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सनं आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींपासून दूर राहायला सांगितलं. शिवाय मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही, असाही दंडक होता. पॉन्टिॲकचे मुख्य इंजिनिअर जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस जी यांनी त्यातून वाट काढली. ३८९ घनइंचांचं मोठं इंजिन त्यांनी टेम्पेस्ट लमान्स या मध्यम गाडीत बसवलं, पण नवी गाडी म्हणून जाहीर केलं नाही. जास्तीचे पैसे देऊन घ्यायचा एक पर्याय म्हणून यादीत टाकलं. दंडक गाड्यांसाठी होता, पर्यायांसाठी नव्हता. हीच १९६४ ची जीटीओ. पहिल्या वर्षी ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या आणि 'मसल कार' या जातीचा वंश इथून मोजायची रीत पडली. अंगानं मध्यम, किमतीनं आवाक्यातली, छातीत मात्र मोठ्या गाडीचं इंजिन.

मुंबईचं या शहराशी नातं जुनं आहे. जनरल मोटर्सनं १९२८ साली शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला होता. वालचंद हिराचंदांनी कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली ती डेट्रॉइटच्या क्रायस्लरशी करार करून. पुढे त्याच प्रीमियरनं इटलीच्या फियाटची गाडी बनवली आणि पद्मिनी आपल्या घराघरांत आली. माझ्या वडिलांचीही पद्मिनीच होती. नाना पेठेतले एक मिस्त्री बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि वायरचे दोन तुकडे घेऊन तिचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लावायचे. पॉइंट उघडताच बल्ब पेटायचा. मग ते वडिलांना म्हणायचे, "साहेब, बल्बावर विश्वास ठेवू नका. कात्रजच्या चढाला वरच्या गिअरमध्ये दाबून बघा. गाडीच सांगेल." गाडी काय सांगते हे मला तेव्हा कळलं नाही. ते कळायला अमेरिकेतला हा सपाट मुलूख लागला.

जाळाला लागणारा वेळ

शाळेत आपण शिकतो की पिस्टन वर येतो, मिश्रण दाबलं जातं, ठिणगी पडते, स्फोट होतो आणि पिस्टन खाली जातो. यातला 'स्फोट' हा शब्द दिशाभूल करतो. निरोगी इंजिनात स्फोट होत नाही. प्लगच्या टोकाशी एक इवलीशी ज्योत धरते आणि तिथून जाळ सिलेंडरभर पसरत जातो. या पसरण्याला वेळ लागतो. फार थोडा, सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा असा, पण लागतो. इंजिनाच्या दृष्टीनं तो थोडा नसतो.

झोपाळ्याला झोका देणाऱ्याला वेळेचं हे गणित हातानं कळतं. झोपाळा मागे येऊन क्षणभर थबकतो आणि पुढे निघतो. निघता निघता हात लावला तर सगळा जोर लागू पडतो. अजून मागे येत असताना लावला तर मनगटाला हिसका बसतो, आणि पुढे निघून गेल्यावर लावला तर हात हवेत जातो. पिस्टनचंही तसंच. तो अगदी वर पोचून वळल्यानंतर, क्रँकशाफ्ट सुमारे १५ अंश पुढे गेलेला असताना दाब शिगेला पोचायला हवा. तिथं दाब हवा असेल तर ठिणगी बरीच आधी, पिस्टन अजून वर येत असतानाच, पडायला हवी. या आधी पडण्याला गॅरेजमध्ये 'ॲडव्हान्स' म्हणतात. आपल्याकडे पैसे आगाऊ देतात, तशी ही आगाऊ ठिणगी.

ठिणगी उशिरा पडली तर जाळ पिस्टनच्या मागे धावत राहतो. काम कमी होतं, मिश्रण जळत जळतच एक्झॉस्टच्या वाटेला लागतं आणि ती सगळी आच इंजिनाच्या भिंतींत आणि पाण्यात उतरते. फार लवकर पडली तर पिस्टन वर येत असतानाच दाब त्याच्या डोक्यावर बसतो. कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपणहून एकदम पेट घेतं. खरा स्फोट तो. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. यालाच इंजिन ठोकणं म्हणतात. त्याकडे दुर्लक्ष केलं तर पिस्टनच्या माथ्याला खड्डे पडतात, रिंगांच्या खोबणी तुटतात.

मग आगाऊ म्हणजे किती आगाऊ? एकच आकडा असता तर काम सोपं होतं. पण इंजिनाचा वेग वाढला की जाळाला लागणाऱ्या तेवढ्याच वेळात क्रँकशाफ्ट जास्त अंश फिरून जातो. तिहाई समेवर आणायची तर ती कुठून उचलायची हे तबलजी लय पाहून ठरवतो, तसं इथं वेग पाहून ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट ओझ्याची. सह्याद्रीत वणवा पाहिलेल्याला ती लगेच समजेल. दाट, गच्च गवतात आग धावत सुटते. विरळ गवतात ती एका काडीवरून दुसऱ्या काडीवर रेंगाळत जाते. पाय पूर्ण दाबलेला असतो तेव्हा सिलेंडर मिश्रणानं गच्च भरतो आणि जाळ झपाट्यानं पसरतो. सपाट रस्त्यावर आपण पायाचं नुसतं ओझं ठेवून चालवतो तेव्हा थ्रॉटल जेमतेम उघडा असतो. आत मिश्रण विरळ, त्यात जळून गेलेल्या वायूचीही भेसळ. तिथं जाळ रेंगाळतो. म्हणून वेग तोच असला तरी कमी ओझ्याला ठिणगी आणखी आधी लागते.

तीन प्रश्न, तीन उत्तरं

ठिणगीची ही व्यवस्था चार्ल्स केटरिंग यांची. ओहायोच्या डेटन गावात कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत ते काम करत. सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात, नोकरीच्या वेळेबाहेर, त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी बॅटरीवर चालणारी इग्निशन सिद्ध केली. १९०९ मध्ये डेल्को कंपनी निघाली, १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ही इग्निशन आली, १९१२ मध्ये सेल्फ स्टार्टरही आला. पॉइंट, म्हणजे विजेची वाट जोडणारे-तोडणारे संपर्क, मिटलेले असताना कॉइलमध्ये वीज साठते. पॉइंट उघडताच कॉइलमधलं चुंबकत्व कोसळतं, त्यातून हजारो व्होल्ट उठतात आणि रोटर ते ज्या प्लगची पाळी असेल त्याला पोचवतो. आठ सिलेंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर हे सेकंदाला २०० वेळा घडतं. साठ वर्षांहून अधिक काळ जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच युक्तीवर चालल्या. पद्मिनीसुद्धा.

ठिणगी केव्हा पाडायची हे डिस्ट्रिब्युटर ठरवतो, आणि ते ठरवताना तो तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो.

पहिला प्रश्न, उभं कुठे राहायचं? डिस्ट्रिब्युटरचं अख्खं धड इंजिनात थोडं फिरवून घट्ट केलं की पायाभूत टायमिंग ठरतं. ते माणूस लावतो.

दुसरा, इंजिन किती वेगानं फिरतंय? याचं उत्तर रोटरखाली बसवलेली दोन वजनं देतात. वेग वाढला की ती स्प्रिंगांना ताणत बाहेर फाकतात आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमला पुढे सरकवतात.

तिसरा, ओझं किती आहे? त्याचं उत्तर त्या चपट्या डबीत. थ्रॉटल मिटलेला असतो तेव्हा पिस्टन हवा ओढू पाहतात आणि मॅनिफोल्डमध्ये पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, तयार होतो. शहाळ्यातल्या नळीचं टोक बोटानं दाबून ओढलं की गाल आत जातात, तसंच. पाय दाबला, थ्रॉटल सताड उघडला, की व्हॅक्यूम जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे इंजिनावर किती ओझं आहे याची चहाडी व्हॅक्यूम करतो. ती चहाडी नळीतून डबीतल्या रबरी पडद्यापर्यंत पोचते, पडदा एक दांडी ओढतो, दांडी पॉइंटची ताटली फिरवते. ओझं हलकं असलं की ठिणगी आणखी आधी. ओझं पडलं की पडदा सैल सुटतो आणि जास्तीचा ॲडव्हान्स क्षणात मागे येतो.

या तिन्हींत मला डबी सगळ्यांत हुशार वाटते. पायाभूत टायमिंग ठोकून बसवलेलं असतं आणि वजनांना फक्त वेग कळतो. गाडीवर काय गुदरतंय ते फक्त डबीला ऐकू येतं. आणि गॅरेजांतून सगळ्यांत आधी तिचाच गळा दाबला जातो.

बदनामी कशी झाली

व्हॅक्यूम ॲडव्हान्स प्रदूषणाच्या कायद्यांबरोबर आला, हा समज चुकीचा आहे. १९३० च्या दशकातल्या गाड्यांतही तो होता, आणि होता तो पेट्रोल वाचवण्यासाठी. मग ही बदनामी का झाली?

लॉस एंजेलिसच्या आकाशात साचणारा तपकिरी धूर गाड्यांच्या धुरातून आणि उन्हातून तयार होतो, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिलं. कॅलिफोर्नियानं १९६६ च्या गाड्यांसाठी धुराची मर्यादा घातली, १९६८ पासून ती देशभर आली. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्येच जाळून टाकायचं तर एक्झॉस्ट गरम हवा. एक्झॉस्ट गरम करायचा सोपा उपाय म्हणजे गाडी उभी असताना ठिणगी उशिरा पाडणं. म्हणून बऱ्याच गाड्यांत डबीची नळी मॅनिफोल्डवरून काढून कार्बोरेटरमध्ये थ्रॉटलच्या पाकळीच्या वरच्या भोकाला जोडली गेली. पाकळी मिटलेली असताना तिथं व्हॅक्यूम नसतो. त्यामुळे गाडी उभी असताना डबी झोपून राहायची. इंजिन गरम व्हायचं, म्हणून काही गाड्यांत पाणी फार तापलं की नळी पुन्हा मॅनिफोल्डला जोडणारी झडपही बसवावी लागली.

त्या काळच्या इंजिनिअरांना मी दोष देत नाही. त्यांच्या हाती संगणक नव्हता आणि शहरांना श्वास हवा होता. पण गाडीवेड्या तरुणांनी एवढंच पाहिलं की कायदा आला, नळ्या आल्या, गाडी मंदावली आणि तापायला लागली. नळ्यांच्या त्या जंजाळात डबीची नळीही होती. तीही गुन्हेगार ठरली. शिवाय शर्यतीच्या गाड्यांत डबी नसते, हे खरंच आहे. शर्यतीत पाय सतत दाबलेला असतो, व्हॅक्यूम नसतोच, मग डबी करणार काय? पण सिग्नलला थांबणाऱ्या, दूध आणायला जाणाऱ्या गाडीला शर्यतीचा नियम लावला की तिचे हाल होतात. शेजाऱ्यांच्या गाडीचे तेच झाले होते.

तळघरातलं यंत्र

डिस्ट्रिब्युटर काढून आम्ही तो एका जाणकारांकडे नेला. वुडवर्डपासून थोड्या अंतरावर, घराच्या तळघरात, त्यांच्याकडे सन कंपनीचं जुनं डिस्ट्रिब्युटर तपासायचं यंत्र आहे. डिस्ट्रिब्युटर उभा पकडून मोटरनं फिरवायचा. पॉइंट उघडेल तेव्हा अंशांच्या गोल पट्टीमागे दिव्याचा बाण लखलखतो. आठ सिलेंडरचे आठ बाण, ४५-४५ अंशांवर. दिवा मालवल्यावर अंधारात ते आठ बाण चक्रासारखे स्थिर दिसतात. दांडा झिजलेला असेल तर बाण थरथरतात. आमचे थरथरत नव्हते.

"डिस्ट्रिब्युटर चांगला आहे, फक्त झोपलाय," ते म्हणाले. कारखान्यानं बसवलेल्या जाड स्प्रिंगांमुळे वजनं पूर्ण फाकायला इंजिनाच्या ४,६०० फेऱ्या लागत होत्या. रस्त्यावर इंजिन क्वचितच तिथवर जातं. त्यांनी हलक्या स्प्रिंगा निवडल्या, एक बदलली, पुन्हा फिरवलं, दुसरी बदलली. २,८०० फेऱ्यांना वजनं पूर्ण बाहेर आली, ११ अंश. डिस्ट्रिब्युटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून इंजिनापाशी ते २२ होतात.

ही कला याच गावात वाढली. साठच्या दशकात रॉयल ओकमधली रॉयल पॉन्टिॲक ही विक्रेता पेढी 'बॉबकॅट' नावाचं किट बसवून द्यायची. पातळ हेड गॅस्केट, कार्बोरेटरचे मोठे जेट, आणि डिस्ट्रिब्युटरचा बदललेला ॲडव्हान्स. साध्या जीटीओला आणि बॉबकॅटला वेगळं काढणाऱ्या गोष्टींत या स्प्रिंगाही होत्या.

मग त्यांनी आमच्या डबीला हातपंप लावला. एकोणीस वर्षं उघडी राहूनही पडदा फाटलेला नव्हता. पण दांडी पूर्ण ओढली जायला पाऱ्याचा १६ इंच व्हॅक्यूम लागत होता. "तुमचं इंजिन उभं असताना किती देतं?" त्यांनी विचारलं. कॅमशाफ्ट बदललेला, त्यामुळे १५ च्या आसपास. त्यांनी मान हलवली. डबी अर्धवट ओढलेली राहील, व्हॅक्यूम जरा हलला की टायमिंग हलेल, आणि टायमिंग हललं की व्हॅक्यूम पुन्हा हलेल. गाडी उभ्या उभ्या अडखळत राहील. उभ्या इंजिनाच्या व्हॅक्यूमपेक्षा निदान दोन इंच आधी पूर्ण ओढली जाईल अशी डबी हवी, हा त्यांचा नियम. १२ इंचांना पूर्ण होणारी आणि इंजिनापाशी १२ अंश देणारी डबी त्यांनी शोधून दिली.

शून्य कुठे आहे?

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी आम्ही कामाला बसलो. शेजारी, त्यांची सतरा वर्षांची नात आणि मी. आजोबांनी नातीला आधीच बजावलं होतं, केस बांधून ठेव, सैल बाह्यांचा सदरा नको, पंख्याच्या रेषेत उभी राहू नकोस.

टायमिंग मोजायचं तर शून्य खरा हवा. पुलीमागच्या बॅलन्सरवर एक खाच असते, तिच्यावरून पिस्टन अगदी वर आला हे कळतं. पण बॅलन्सरचं बाहेरचं कडं रबरावर बसवलेलं असतं, आणि पन्नास वर्षांत रबर सरकतं. बॅटरीची वायर काढून आम्ही पहिल्या सिलेंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा बोल्ट बसवला. नातीनं क्रँकशाफ्ट पान्यानं हळूहळू एका दिशेनं फिरवला. पिस्टन अडला तिथं खूण केली. मग उलट्या दिशेनं, पुन्हा खूण. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये खरा शून्य. तो जुन्या खाचेपासून ३ अंश दूर निघाला. पुस्तकात सांगितलेले ९ अंश समजून लावलेलं टायमिंग खरं तर ६ होतं. आणि डबी बंद. उभ्या गाडीला मिळत होते ते एवढेच ६ अंश. रेडिएटरचा काही दोष नव्हता.

३६ अंशांची खूण करायची युक्ती तिला फार आवडली. बॅलन्सरचा घेर कागदी पट्टीनं मोजायचा आणि दहानं भागायचा. वर्तुळाचा दहावा भाग म्हणजे बरोबर ३६ अंश. त्या भागाचे अठरा सारखे तुकडे केले की प्रत्येक दोन अंशांचा. तिनं पांढऱ्या रंगानं बारीक रेघा ओढल्या.

आधी पॉइंट. पॉइंटची फट बदलली की टायमिंग बदलतं, टायमिंग फिरवल्यानं फट मात्र बदलत नाही. म्हणून हा क्रम उलटायचा नसतो. या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला छोटी खिडकी असते. इंजिन चालू ठेवून त्यातून चावी घालायची आणि मीटरवर पॉइंट मिटून राहण्याचे ३० अंश येईपर्यंत स्क्रू फिरवायचा.

मग इंजिन तापू दिलं. नळी डबीला न जोडता तिच्या तोंडात पुन्हा ती जुनी खुंटी बसवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की खुंटी तिथं का आली असावी. टायमिंग लावताना नळी काढून बंद करायचीच असते, पुस्तकात तसं लिहिलेलं असतं. कुणीतरी बहुधा नेमानं ती बंद केली असेल आणि काम झाल्यावर परत जोडायचं राहून गेलं असेल. पुढच्या मालकानं त्या विसरण्याला तत्त्वज्ञान बहाल केलं.

नातीनं पहिल्या प्लगच्या वायरला चिमटा लावला आणि टायमिंग लाइटचा घोडा दाबला. दर ठिणगीला दिवा चमकतो, आणि गरगरणारी पुली डोळ्यांपुढे थिजून उभी राहते. पॉन्टिॲकचा रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून ठिणगी आधी आणायला डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या दिशेनं वळवायचा. आजोबांनी तो केसभर वळवला. रेघ सरकत सरकत १४ वर आली. वेग ३,००० पर्यंत नेला, ३६ ची रेघ काट्याखाली येऊन थांबली. त्यांनी बोल्ट आवळला.

मग खुंटी काढली आणि नळी थेट मॅनिफोल्डवरून नव्या डबीला जोडली. कुणी ॲक्सिलरेटरला हात लावलेला नव्हता, तरी इंजिनाचा आवाज उंचावला. इतक्या वर्षांनी त्याला मोकळा श्वास मिळाल्यासारखं वाटलं. वेग खाली आणायला थ्रॉटलचा स्क्रू दीड फेरा सोडावा लागला. तेवढंच काम आता कमी पेट्रोलवर होत होतं. आम्ही गाडी वीस मिनिटं तशीच उभी चालू ठेवली. काटा मध्यावर आला आणि तिथंच राहिला. आजोबा काही बोलले नाहीत. एक तेलकट फडकं घेऊन उगीचच फेंडर पुसत राहिले.

गाडीच सांगेल

आता नाना पेठेतल्या मिस्त्रींचं वाक्य मला आठवलं. इथं कात्रज नाही, सगळा मुलूख ताटासारखा. पण हायवेवर चढणारा रॅम्प आहे. चौथ्या गिअरमध्ये, १,५०० फेऱ्यांना, आजोबांनी पाय पूर्ण दाबला. खिडक्या उघड्या. २,६०० च्या आसपास रॅम्पच्या भिंतीवरून आवाज परत आला. खडे. क्षणभरच, पण स्पष्ट. मागच्या सीटवरून नात म्हणाली, "मला ऐकू आलं."

१९६८ च्या या इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.७५ ला १. ते ज्या पेट्रोलसाठी बनवलं त्यात शिसं होतं. त्या शिशाची गोष्टही केटरिंगपाशीच जाते. बॅटरी इग्निशनमुळेच इंजिन ठोकतं, असा आळ त्यांच्यावर आला होता. खरं कारण शोधायचं काम त्यांनी थॉमस मिजली यांना दिलं, आणि १९२१ साली मिजलींना टेट्राएथिल लेड सापडलं. ठोकणं थांबलं. त्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांनी श्वासातून मोजली. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांचं शिसं १९९६ मध्ये संपलं, भारतात २००० मध्ये. ते गेलं ते उत्तमच झालं. आजचं ९३ आकड्याचं प्रीमियम पेट्रोल त्याच्याइतकं सोसत नाही, तर आपण दोन अंश मागे यायचं. आम्ही मागे आलो. पायाभूत १२, वजनांसह ३४. पुन्हा तोच रॅम्प, तोच गिअर. इंजिन नुसतं ओढत गेलं. खडे नाहीत.

त्या रात्री मी सवयीनं हिशेब मांडला. १,००० फेऱ्यांना इंजिन सेकंदाला ६,००० अंश फिरतं. तिथं पूर्ण दाबलेल्या पायाला १२ अंश, म्हणजे २ मिलिसेकंद. २,८०० फेऱ्यांना सेकंदाला १६,८०० अंश. तिथं ३४ अंश, म्हणजे पुन्हा जवळजवळ नेमके २ मिलिसेकंद. गच्च भरलेल्या त्या सिलेंडरात पिस्टन वर पोचायच्या आधी जाळाला एवढी आघाडी लागते, आणि स्प्रिंगा, पांढऱ्या रेघा व एका मुलीचा कान यांनी ती बरोबर शोधून काढली होती. त्याच २,८०० वर, हलक्या पायानं जाताना डबीचे १२ मिळून ४६ अंश होतात, म्हणजे पावणेतीन मिलिसेकंद. विरळ गवताला जास्तीची लागणारी आघाडी ती हीच. ४६ हा आकडा ऐकून घाबरणारे आहेत. पण पाय दाबताक्षणी व्हॅक्यूम जातो आणि ते १२ अंश आपोआप परत घेतले जातात.

सोमवारी ऑफिसात माझ्यासमोर नेहमीचा तक्ता होता. आडवा वेग, उभं ओझं, शेकडो चौकटी. आता ओझं एक सेन्सर सांगतो, ठोकणं दुसरा सेन्सर ऐकतो. प्रश्न मात्र तेच तीन. या चौकटी मी अनेक वर्षं भरतो आहे, पण त्यातल्या एका चौकटीचा आवाज मी त्या शनिवारी पहिल्यांदा ऐकला.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर ड्रीम क्रूझ असते. १९९५ पासून चालत आलेली, जुन्या गाड्यांची मैलोन्‌मैल लांबणारी वारीच. ऊन, गर्दी, चालीच्या वेगानं सरकणाऱ्या रांगा. शेजाऱ्यांची जीटीओ त्या रांगेत तीन तास होती. काटा मध्येच.

निघण्याआधी नातीनं एका जाड कार्डावर टायमिंग लिहून ठेवलं. आधी तिनं फक्त आकडे लिहिले होते, १२, ३४, ४६. मग थोडा विचार करून प्रत्येकापुढे जोडलं. १२ पुढे लिहिलं, नळी बंद, इंजिन तापलेलं, कमी वेग. ३४ पुढे, नळी बंद, २,८०० च्या वर. ४६ पुढे, नळी जोडलेली, २,८०० च्या वर, हलका पाय. खाली पेट्रोल कुठलं तेही लिहिलं, शून्याची खूण नवी आहे हेही लिहिलं. ज्या आकड्याला आपली परिस्थिती ठाऊक नाही, तो पुढच्या माणसाला फसवतो, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

कार्ड तिनं डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलं. शेजारी ती लाकडी खुंटी ठेवली आणि तिच्याभोवती कागदाचा तुकडा गुंडाळला. त्यावर एकच ओळ होती: काम झाल्यावर काढायची.